खळ्यावरचा हिशेब

आमच्या घरात कुणी सन सांगत नसे. आजीला विचारलं, "तुझं लग्न कधी झालं गं?" तर उत्तर यायचं, "रंगूनचा तांदूळ बंद झाला, त्याच्या पुढल्या साली. तुळशीचं लगीन झालं नि माझं ठरलं." थोरली आत्या जन्मली ती 'खोती गेली त्या कापणीला'. माजघराची पूर्वेकडची भिंत पडली ती 'भूकंपाच्या झोडणीला'. आणि माझे वडील मुंबई सोडून गावी आले ते 'संपाच्या कापणीला'. शाळेच्या पुस्तकातल्या सनावळ्या वेगळ्या आणि घरातल्या वेगळ्या, असंच मला लहानपणी वाटत असे. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून पाहिल्या त्या पुष्कळ पुढं, नोकरीला लागल्यावर. तेव्हा कळलं की म्हाताऱ्यांनी एकही साल चुकवलेलं नव्हतं. त्यांचं वर्ष फक्त आश्विनात सुरू होत होतं.

आमची वाडी रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात, देवरुखच्या पुढं सह्याद्रीकडे चढत जाणाऱ्या उतारावर. घराचं जोतं जांभ्या दगडाचं, भिंती मातीच्या, वर कौलं. आजोबांच्या लहानपणी कौलांच्या जागी गवत होतं आणि दर वर्षी पावसाआधी शाकारणी करावी लागे. पुढं पडवी, मग ओटी, माजघर, देवघर, मागं न्हाणी आणि बाजूला गोठा. जमीन तीन पायऱ्यांची. पऱ्यालगत मळा, त्याच्या वर कुर्याट, आणि त्याहून वर नाचणी-वरीची वरकस. घरासमोर खळं. घराची ओळख परक्याला करून देताना लोक ओटीपासून सुरुवात करतात. मी खळ्यापासून करते, कारण या घराचं जे काही झालं ते आधी तिथं झालं.

उत्तरा नक्षत्र सरून हस्त लागला की पावसाचा सूर बदलतो. सकाळी लख्ख ऊन, दुपारी उकाडा, तिन्हीसांजेला विजा आणि एक दणदणीत सर. अंगाला चटके देणारं ते ऊन भाताला मात्र मानवतं. खालच्या मळ्यातलं गरवं भात अजून हिरवं असतं, पण कुर्याटातल्या हळव्याच्या लोंब्या पिवळ्या पडून वाकलेल्या असतात. याच दिवसांत खळं धरायचं. चार महिन्यांच्या पावसात तिथं गवत माजलेलं, शेवाळ आलेलं, जमीन कुठं खचलेली. आधी गवत खरवडून काढायचं. मग लाल माती आणून टाकायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यानं चोपत राहायचं. हे काम बायका आणि पोरं करत. ओणवं होऊन ओळीनं सरकत जायचं, एक ठोका दुसऱ्यावर अर्धा चढला पाहिजे. एवढीशी जागा सुटली तरी झोडणीच्या वेळी तिथली माती सुटे आणि भातात खडे येत. मग शेणानं सारवण. दोन-तीन हात शेणाचे बसले की जमीन अशी घट्ट होई की सांडलेला दाणा बोटानं सहज टिपता येई. आजी टाचेनं जमीन दाबून बघे आणि मगच "झालं" म्हणे.

कोजागिरीला शहरात दूध आटवतात. आमच्याकडे त्या पौर्णिमेला नवान्न. आजोबा सकाळी अंघोळ करून कुर्याटात जात आणि भाताच्या लोंब्या, नाचणीची कणसं, वरीचा झुपका, कुर्डूची फुलं घेऊन येत. त्यात झेंडू आणि आंब्याचं पान घालून लहान लहान जुड्या बांधायच्या. हे नवं. पहिलं देवाला, मग दाराला, मग तुळशीला, गोठ्याला, विहिरीला, नांगराला, कणगीला, व्हाईनाच्या मुसळाला. ज्यानं ज्यानं वर्षभर काम केलं त्या प्रत्येकाला. त्या दिवशी नव्या तांदळाची खीर. पोरांना खिरीची घाई, पण आजोबांची नवं बांधायची रीत संथ होती. मुसळाला नवं बांधताना ते न चुकता एक वाक्य बोलत, "आता ह्यातलं आपलं किती, ते बघायचं."

भात आपल्याच शेतातलं, आपणच लावलेलं. मग 'आपलं किती' हा प्रश्न कशाला? तो प्रश्न त्यांच्या बापाचा होता.

आजोबांच्या गोष्टींत पहिलं पात्र नेहमी खोताचा माणूस असे. पीक उभं असतानाच तो येई. बांधावर उभा राहून नजरेनं मोजी. या कोपऱ्यात इतके मण, खालच्या मळ्यात इतके. याला अभावणी म्हणत. भातशेतीत निम्मा वाटा खोताचा, वरकसात तिसरा. म्हणजे अर्धेल आणि तिर्धेल. एकदा अभावणीचा आकडा वहीत चढला की मागून परतीचा पाऊस कोसळो की डुकरं शिरोत, आकडा हलत नसे, असं आजोबा सांगत. त्याखेरीज वेठ वेगळी. खोताच्या शेतात नांगर धरायचा, त्याच्या घरावर गवत घालायचं, मगच आपल्याकडे वळायचं. इंग्रज सरकारनं १८८० साली खोती कायदा केला. त्यानं खोत आणि कुळाचे हक्क कागदावर आले, पण खोती होती तिथंच राहिली. सरकारात सारा भरणारा खोत आणि जमीन कसणारं कूळ, यांच्या मधे भाताची रास.

त्या राशीची गोष्ट आजोबा मोठ्या तपशिलानं सांगत. झोडणी संपली, वारं देऊन पोल उडवलं, खळ्याच्या मधोमध रास लावली, की तिच्यावर शेणाचा गोळा आणि झेंडूचं फूल ठेवायचं. कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. मापाला सुरुवात 'एक' म्हणून करायची नाही, पहिली पायली 'लाभ', मग दोन, तीन. मापणारा खोताचा, पायली खोताची. पायली राशीत खुपसून भरली की वर शीग चढे. खोताच्या वाट्याची पायली शिगेसकट ओतायची आणि कुळाच्या वाट्याची वरून हात फिरवून सपाट करायची. "हात फिरवताना दाणे राशीत पडत," आजोबा तळहात आडवा धरून दाखवत. "बा माझा त्या हाताकडे बघत ऱ्हायचा. तोंडातून शब्द नाही. चार शेरांची पायली, पण एकीत चार शेर आणि एकीत साडेचार." आजोबा कधी शाळेत गेले नव्हते. तरी वीस मणांच्या खंडीत शिगेपायी किती दाणा जातो, हा हिशेब त्यांना तोंडपाठ होता.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. त्यांच्या घराण्याचं मूळ गाव आंबडवे, याच जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं. पुढं १० जानेवारी १९३८ला शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधिमंडळावर गेला. आजोबांचे चुलते तेव्हा परळला गिरणीत होते. पाळी बुडवून ते मोर्चात चालले, असं घरात सांगतात. त्या साली ते गावी आले आणि राशीच्या वेळी खळ्यावर जाऊन उभे राहिले. बोलले काहीच नाहीत, नुसतं मापाकडे बघत राहिले. त्या दिवशी शीग जरा कमी चढली म्हणे. विधेयक तेव्हा कायदा झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ साली आणि अमलात आला १५ मे १९५० रोजी. आत्याचा जन्म त्याच सालच्या कापणीचा. आजी सांगे, "ही पोटात असताना मी कापणी केली, पण भार्‍याचं ओझं वाटलं नाही." त्यानंतरही खंड आणि मक्त्याचे वाद लगेच मिटले नाहीत. कूळकायद्यानं १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवला, आणि कसणाऱ्या कुळाला हप्त्याहप्त्यानं किंमत भरून जमीन मालकीची करून घेता आली. आमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्या हप्त्यांच्या पावत्या आजही आहेत.

आजोबांच्या गोष्टी राशीपाशी संपत. आजीच्या तिथून पुढं सुरू होत. तिच्या गोष्टींत खोत क्वचित येई. भात घरात आल्यावर ते आषाढापर्यंत पुरवायचं कसं, हा तिचा विषय होता.

कापणीचं बहुतेक काम तिचंच. आमच्या भागातले पुरुष गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून येत. आश्विन-कार्तिकात ते गिरणीत. म्हणून विळा बायकांच्या हातात. पहाटे न्याहारीची भाकरी बांधून निघायचं, दव असतानाच मुठी कापून मागं आडव्या टाकत जायचं. दोन-तीन दिवस ऊन लागलं की भारे बांधून डोक्यावरून खळ्यावर. घरातल्या चार आणि शेजारच्या चार, आज आमच्याकडे तर उद्या त्यांच्याकडे. लगेच झोडायला वेळ नसला तर भाऱ्यांची उडवी रचायची. लोंब्या आत आणि बुडखे बाहेर, म्हणजे मागून सर आली तरी पाणी बाहेरच्या बाहेर निथळतं. उडवी रचणं ही कला होती आणि वाडीत ती आजीला येत होती. गडीमाणसं भारे वर फेकत, आजी वर उभी राहून फेर धरी.

मग झोडणी. लाकडी ओंडक्यावर पेंढी आपटायची, चार आपट्यांत दाणा खाली. पेंढ्यात अडकलेले दाणे निघावेत म्हणून तो बैलांच्या पायाखाली घालायचा. दुपारी डोंगरावरून वारा उतरला की सुपानं वारं द्यायचं. मग उकडणं. भात रात्रभर भिजवून पहाटे मोठ्या हंड्यात शिजवायचं. टरफलाचं तोंड जरा फुटलं की उतरवून तट्ट्यांवर वाळवायचं. उकड्या तांदळाची पेज पोटात टिकते आणि कांडताना दाणा तुटत नाही. कांडण व्हाईनात, समोरासमोर दोघी, एक मुसळ वर तर दुसरं खाली. तूस चुलीला, कोंडा म्हशीला, कण्या कोंबड्यांना आणि वेळप्रसंगी माणसांनाही. दिवाळीच्या पहाटे तुळशीपाशी कारीट फोडून झालं की घरात पोहे, तेही याच व्हाईनातले. नवं भात भिजवून, भाजून, गरम असतानाच कुटलेले. दूधपोहे, गूळपोहे, ताकातले पोहे. आजीच्या मते दिवाळी म्हणजे पोहे, बाकीचा फराळ मुंबईनं आणलेला.

एवढं करूनही तांदूळ वर्षाला पुरत नसे. निम्मा खोताकडे गेल्यावर पुरणार कसा? रत्नागिरी जिल्हा कधीच आपल्या भातावर जगला नाही. मुंबईची मनीऑर्डर यायची आणि त्या पैशांनी बंदरातून वर आलेला तांदूळ विकत घ्यायचा. तो बहुतेक ब्रह्मदेशातला. युद्धापूर्वी तिथून दरसाल लाखो टन तांदूळ हिंदुस्थानात येई. आजी त्याला 'रंगुनी' म्हणायची आणि नाक मुरडायची, त्याला वास येतो, त्याची पेज पांचट. ज्या ब्रह्मदेशाचा तांदूळ आमची माणसं खात होती, त्याचा राजा थिबा इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवला आणि तो १९१६ साली तिथंच वारला. राज्य गेलेला राजा खाडीकडे बघत बसलेला आणि त्याच्या मुलखातला तांदूळ त्याच किनाऱ्यावर उतरतोय. आजीनं थिबाचं नाव ऐकलं होतं, पण तिला राजापेक्षा तांदळाचं अप्रूप. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतलं आणि तो तांदूळ एकाएकी थांबला. आमच्या वाडीपर्यंत महायुद्ध पोचलं ते असं. एकही विमान दिसलं नाही, फक्त दुकानातलं पोतं रिकामं झालं.

त्यापाठोपाठ लेव्ही आली. पिकलेल्या धान्याचा ठरावीक भाग सरकारात घालायचा. आजी तेव्हा नवी नवरी. अंमलदार येणार अशी बातमी आली त्या रात्री तिनं आणि तिच्या सासूनं मिळून दोन मुडे बांधले. मुडा म्हणजे भात भरून पेंढ्यानं चहूबाजूंनी आवळलेलं गोल गाठोडं. पेंढ्याचीच दोरी वळून तो असा बांधतात की उंदीर शिरत नाही आणि ओलही लागत नाही. ते मुडे दोघींनी गवताच्या गंजीत आत सारले. दुसऱ्या दिवशी अंमलदार आला, कणगी बघितली, काठीनं ठोकली, माळ्यावर चढून पाहिलं. जाताना घोड्यासाठी गवत मागितलं. सासूनं शांतपणे गंजीच्या दुसऱ्या बाजूचा भारा उपसून दिला. ही गोष्ट सांगताना आजी इतकी हसायची की डोळ्यांना पदर लावायची. तिची सासू कजाग म्हणून वाडीत प्रसिद्ध होती. पण त्या एका गंजीपायी आजीनं तिला सगळं माफ केलं होतं.

११ डिसेंबर १९६७. पहाटे सव्वाचारनंतर कोयनेचा भूकंप झाला. आमच्याकडे गरव्या भाताची झोडणी अर्धी झाली होती. उडवीच्या राखणीला आजोबा खळ्यावर घोंगडी पांघरून झोपले होते. जमीन खालून गुरगुरली, कौलं खडखडा वाजली, बैलांनी दावी ओढली आणि माजघराची भिंत बाहेरच्या बाजूला कलली. माणसं वाचली. पण भिंतीला टेकून असलेली कणगी आडवी झाली आणि भात मातीत, ढेकळांत मिसळलं. सगळी वाडी उघड्यावर बसून रामनाम घेत असताना आजी चिमणी घेऊन आत गेली आणि भात गोळा करायला लागली. आजोबा ओरडले, "अगं, वरचा वासा डोक्यात पडेल!" ती म्हणाली, "पडू दे. आत बियाणं हाय." पुढं भिंत जांभ्याची बांधली. कणगी मात्र भिंतीपासून हातभर लांब ठेवायची रीत पडली, ती अजून आहे.

बियाणं ही आजीची दुसरी ठेव. चांगल्या लोंब्या कापणीच्या आधीच डोळ्यांनी हेरायच्या, त्यांचं भात वेगळं झोडायचं, कडक वाळवायचं आणि बिवळ्यात बांधून चुलीवरच्या माळ्यात टांगायचं. धुरानं कीड लागत नाही. पाटणी आणि एक लाल भात, अशी दोन बियाणी तिनं वर्षानुवर्षं सांभाळली. साठीच्या दशकाच्या शेवटी 'जया' आलं. मग शिरगावच्या संशोधन केंद्रातली 'रत्नागिरी' नावाची वाणं आली आणि दापोलीला १९७२ साली कृषी विद्यापीठ झालं. पीक वाढलं यात शंका नाही. पाटणी उंच, परतीच्या पावसात लोळायची. जया बुटकं, वाऱ्याला दाद देत नाही. आजोबा खूश. आजीचं म्हणणं वेगळं, "दाणा वाढला, पण पेंढा? गुरांनी काय खायचं?" बुटक्या भाताचा पेंढाही बुटका. गोठ्यातलं एकेक जनावर कमी होत गेलं त्याची कारणं पुष्कळ, पण त्यातलं एक आजीनं पहिल्याच वर्षी ओळखलं होतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पहिले काही महिने लोक खोलीवर तग धरून राहिले. मग हळूहळू गावाकडे वळले. ते साल मला आठवतं. आश्विनात आमच्या खळ्यावर पुरुषमाणसं पहिल्यांदाच इतकी होती. वडील, दोन काका, शेजारचे तिघे. सगळ्यांचं आयुष्य साच्यांवर गेलेलं. कापणीला उतरले तेव्हा पहिल्याच दिवशी वडिलांच्या तळव्याला फोड आले. आई आणि काकी पुढं निघून गेल्या आणि पुरुष मागं राहिले. आजी बांधावरून म्हणाली, "दमानं घ्या रे. वायच वाकून कापा, बुडखा उंच ठेवू नका." पेंढा वाया जाऊ नये, ही तिची काळजी तिथंही सुटली नव्हती.

ती कापणी लवकर उरकली. पण घरात आनंद नव्हता. पोस्टमन वाडीत येईनासा झाला होता, कारण मनीऑर्डर करणारेच इथं बसले होते. भात होतं, मीठ-तेलाला पैसे नव्हते. दिवाळीत पोहे पुष्कळ झाले, नवे कपडे नाहीत. झोडणीच्या वेळी वडील आणि काका संपाचं बोलत. कुणी म्हणे महिन्याभरात गिरणी सुरू होईल. आजोबा एकदाच बोलले, "तुमचा मालक पण अभावणी करून बसलाय. पीक कुणाचं, ते त्याच्या वहीत." वडिलांची गिरणी पुन्हा उघडली नाही. धाकटे काका पुढं विरारला रिक्षा चालवायला गेले. वडील आणि थोरले काका गावातच राहिले, आणि आमच्या घरात विळा पुन्हा पुरुषांच्या हातात आला.

१९९०च्या सुमाराला रोजगार हमीतून फळबाग लागवडीची योजना आली. शंभर टक्के अनुदान. वरच्या वरकसात हापूसची आणि काजूची कलमं लागली. नाचणीला मजूर लागतात, भाव नाही, आणि डोंगर चढून रोज राखण कोण करणार? निर्णय चुकीचा म्हणता येत नाही. काजूनंच माझं कॉलेजचं शिक्षण झालं. पण पुढल्या नव्याला आजोबांना नाचणीचं कणीस मिळेना. ते दोन वाड्या पलीकडे चालत गेले आणि मागून आणलं. पुढं वरीही गेली. आता आमच्या नव्यात भात, कुर्डू, झेंडू आणि आंब्याचं पान एवढंच असतं. आंबा तेवढा घरचा.

गेल्या वीस वर्षांत कापणीच्या गोष्टी बदलल्या आहेत. आता त्यात वानर येतात, डुकरं येतात, गवे येतात. रात्री बॅटऱ्या आणि डबे घेऊन राखण करूनही कोपरेच्या कोपरे सपाट होतात. वाडीतल्या कितीतरी जणांनी मळे ओसाड टाकले, तिथं आता रान माजलंय. आणि पाऊस. ऑक्टोबर २०१९ मध्ये ऐन दिवाळीत 'क्यार' चक्रीवादळानं समुद्र ढवळला. वादळ किनाऱ्यावर न येता दूर निघून गेलं, पण पाऊस आमच्यावर ओतून गेलं. कापून टाकलेल्या मुठी शेतात तरंगत होत्या. चार दिवसांनी उचलल्या तर लोंबीवरच कोंब आले होते. थोरली काकी त्या लोंब्या हातात धरून, आजीची आठवण काढत म्हणाली, "आत्याबाई असत्या तर ह्याचं पण काहीतरी केलं असतं." ते भात तिनं वाळवून कोंबड्यांना घातलं.

आता हे सगळं काका-काकी बघतात. दोघंही सत्तरीच्या पुढं. आणि सातबारा? आजोबांच्या वडिलांपासूनची सामायिक जमीन. उताऱ्यावर नावांची रांगच्या रांग, काही मुंबईला, काही पुण्याला, एक दुबईला. जन्मभर कापणी करणाऱ्या आजीचं नाव त्यावर आलं ते आजोबा गेल्यानंतर, वारस म्हणून. माझं नाव वडिलांमागून आलं. मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क राज्यानं १९९४ साली दिला, केंद्रानं २००५ साली, आणि तो मिळवायला बायकांच्या कित्येक पिढ्या गेल्या. मी हक्कसोड लिहून दिलेली नाही आणि देणारही नाही. पण मागं खळ्यावर बसून तांदळाचे वाटे पाडताना मला आजोबांचा 'आपलं किती' आठवला. दर वर्षी दिवाळीनंतर मुंबईच्या गाड्या येतात. घरचा तांदूळ, कुळीथ, नारळ भरून घेतात, सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून. पीक उभं असताना बांधावर आलेलं नाही, विळा धरलेला नाही, उडवीला हात लावलेला नाही. वहीत नाव आणि राशीत वाटा. आजोबांच्या गोष्टीत अशा माणसाला एक नाव होतं. आजोबा खाली मान घालून हसले असते. ज्या खोताशी त्यांचा बाप मुक्यानं भांडला, तो आता त्यांच्याच नातवंडांत निघाला, तोही मारुती गाडीतून.

हे मी काकीला बोलून दाखवलं. तिला माझ्या तत्त्वज्ञानात रस नव्हता. तिनं थेट कायदाच केला. काकाच्या मोबाइलवरून घरच्या गटात निरोप गेला: 'ज्याला घरचा तांदूळ पाहिजे त्यानं कापणीला यावं. एक दिवस तरी. न येईल त्यानं तांदूळ दुकानातून घ्यावा, रागावू नये.' दोघं-तिघं रागावलेच. एकानं जमिनीच्या वाटणीची भाषा काढली. विरारचा चुलतभाऊ मात्र पोरांना घेऊन आला. दुपारपर्यंत त्याची कंबर धरली, पोरांनी खेकडे धरण्यात अर्धा दिवस घालवला, तरी एक कोपरा त्यांनी पुरा कापला. मी पोचले ती झोडणीला. कचेरीत रजेचं जुळलं नाही, असं मी सांगितलं. काकीनं ऐकून घेतलं.

राशीवर फूल ठेवून तिनं मापायला घेतलं. पायली पितळेची, आजीची. "लाभ," ती म्हणाली आणि विरारवाल्याच्या पोत्यात शिगेसकट ओतली. माझी पाळी आली तेव्हा पायली भरली, माझ्याकडे बघितलं आणि वरून तळहात फिरवला. दाणे खाली राशीत पडले. "झोडणीची सपाट," ती म्हणाली. "शीग विळ्याची."

मी काही बोलले नाही. हिशेब बरोबर होता. शीग आमच्या खळ्यावर पिढ्यान् पिढ्या उलट्या बाजूला गेली होती, ती सत्तरीच्या एका बाईनं कुठला कायदा न वाचता जागेवर आणली होती. यंदा चित्रा लागायच्या आधीच मी रजेचा अर्ज टाकला आहे. विळ्याला धार लावायचं काम काकानं माझ्याकडे दिलंय.